डिंक निवडण्यापूर्वी पृष्ठभाग ओळखा

ज्याचा एक थेंब सांडला तर बोटे क्षणात एकमेकांना चिकटतात, असा झटपट डिंक आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचे रासायनिक नाव सायनोॲक्रिलेट. हवेतील किंवा त्वचेवरील किंचितशा ओलाव्याने तो घट्ट होतो. बाटलीच्या आत पुरेसा ओलावा नसतो, म्हणून तेथे तो पातळ राहतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु बाटलीच्या तोंडाशी, हवेत वाळून कडक झालेली त्याची खपलीसुद्धा नखाने सहज निघून येते. बोट न सोडणारा डिंक स्वतःच्या बाटलीला का चिकटत नाही?

या डिंकाचा जन्मही मोठा गमतीचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. सायनोॲक्रिलेट प्रत्येक वस्तूला चिकटते, म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवले. त्याचा खरा गुण १९५१ साली ध्यानात आला आणि १९५८ साली ते डिंक म्हणून बाजारात आले. बंदुकीसाठी चाललेल्या शोधात सापडलेला हा डिंक आजच्या बंदुकीच्या प्लॅस्टिक दस्त्यापुढे मात्र हात टेकतो.

लाकूड गेले, प्लॅस्टिक आले

बंदुकीचा दस्ता म्हणजे खांद्याला टेकवायचा आणि गाल ठेवून नेम धरायचा भाग. शतकानुशतके तो अक्रोडासारख्या लाकडाचा असे. अमेरिकेतील रेमिंग्टन कंपनीने १९५९ साली नायलॉनचा दस्ता असलेली ‘नायलॉन ६६’ ही रायफल बाजारात आणली. पुढे काचतंतू मिसळलेल्या पॉलिप्रॉपिलीनचे स्वस्त, साच्यातून काढलेले दस्तेही आले. ते पावसात फुगत नाहीत, उन्हात वाकत नाहीत. मात्र गालाखालचा भाग उंच करायचा असो, पोकळी भरायची असो की मागे रबराची गादी बसवायची असो, नेमबाजांची अडचण एकच असते. लाकडाला घट्ट धरणारा इपॉक्सी डिंक येथे दगडासारखा कठीण होतो खरा. पण एके दिवशी त्याची अख्खी वडी प्लॅस्टिकपासून स्वच्छ सुटून हातात येते. डिंकाचा तुकडा मोडलेला नसतो, प्लॅस्टिकही मोडलेले नसते. म्हणजे डिंक दुबळा नव्हता; सांधा मुळात जुळलेलाच नव्हता.

आधी ओले व्हावे लागते

चिकटण्याची पहिली अट अशी, की द्रवरूप डिंकाने पृष्ठभागावर पसरून त्याच्या रेणूंना अगदी जवळून भिडले पाहिजे. यालाच आपण पृष्ठभाग ‘ओला होणे’ म्हणतो. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब गोल राहतो, स्वच्छ काचेवर तो पसरतो. हा फरक कशामुळे? द्रवाचे रेणू एकमेकांना ओढून धरतात. या ओढीचे माप म्हणजे पृष्ठताण. घन पृष्ठभागाची ओढ त्याहून कमी असेल तर द्रव आपले अंग आवरून बसतो. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत विल्यम झिस्मन यांनी १९५० च्या दशकात या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास केला.

आकडे पाहिले की चित्र स्पष्ट होते. मिलिन्यूटन प्रतिमीटर या एककात पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ आणि इपॉक्सीचा सुमारे ४५ असतो. घन पदार्थांची पृष्ठऊर्जा याच एककात सांगितली, तर स्वच्छ धातूंची काही शेकड्यांत, नायलॉनची इपॉक्सीच्या आसपास, पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीन यांची केवळ ३० च्या आसपास आणि टेफ्लॉनची २० पेक्षाही कमी भरते.

याचे कारण रेणूंच्या घडणीत आहे. पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीन यांच्या साखळ्यांत फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतात. डिंकाच्या रेणूने हात धरावा असा ऑक्सिजनचा किंवा नायट्रोजनचा अणू तेथे नाही. नायलॉनमध्ये हे दोन्ही आहेत. लाकडात तर सेल्युलोजचे हायड्रॉक्सिल गट आहेत आणि डिंक शिरायला छिद्रेही आहेत. झटपट डिंकाची बाटली सहसा पॉलिथिलीनची का करतात, याचे उत्तर आता मिळाले.

प्लॅस्टिक कोणते, हे कसे ओळखावे?

वस्तूवर बाणांच्या त्रिकोणात आकडा असेल तर काम सोपे. २ आणि ४ म्हणजे पॉलिथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. आकडा नसेल तर छोटा तुकडा पाण्यात टाकावा. ही दोन्ही प्लॅस्टिके पाण्यापेक्षा हलकी असल्याने तरंगतात. नायलॉन व पीव्हीसी बुडतात. परंतु काचतंतू भरपूर मिसळले असतील तर पॉलिप्रॉपिलीनही बुडते. म्हणून दस्त्याच्या बाबतीत ही कसोटी फसवी आहे. तेथे पृष्ठभाग स्वच्छ पुसून पाण्याचा थेंब टाकणे बरे. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर नेहमीच्या डिंकावर भरवसा ठेवू नये.

मग उपाय कोणते?

पहिली पायरी स्वच्छतेची. साच्यातून वस्तू सुटावी म्हणून लावलेले तेलकट लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावेत, मग पॉलिश पेपरने घासून पुन्हा पुसावे. नायलॉनच्या किंवा काचतंतू-इपॉक्सीच्या दस्त्याला एवढ्या तयारीनंतर चांगला इपॉक्सी बहुधा पुरतो. पॉलिप्रॉपिलीनला नुसते घासणे पुरत नाही. खडबडीतपणा वाढतो, रसायन तेच राहते.

म्हणून दुसरा मार्ग, पृष्ठभागच बदलण्याचा. कारखान्यात ज्योत किंवा विद्युत्-विसर्जन पृष्ठभागावरून फिरवतात. त्यामुळे तेथे ऑक्सिजनयुक्त गट तयार होतात. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर शाई टिकते ती याच क्रियेमुळे. सायनोॲक्रिलेटपूर्वी लावायचे खास अस्तरद्रवही मिळतात.

तिसरा मार्ग आहे अशाच प्लॅस्टिकसाठी बनवलेल्या दोन भागांच्या ॲक्रिलिक डिंकाचा. त्यात बोरॉनचे एक संयुग अमाइनने बांधून ठेवलेले असते. दोन्ही भाग मिसळले की ते मोकळे होते, ऑक्सिजनशी अभिक्रिया करते आणि मुक्त मूलके निर्माण होतात. ही मूलके प्लॅस्टिकच्या साखळीतून हायड्रोजन काढून घेतात आणि त्या जागी डिंकाची साखळी कलमासारखी वाढते.

चौथा मार्ग डिंक टाळण्याचा. पीव्हीसीचे नळ विद्रावक सिमेंटने जुळतात, पण पॉलिथिलीनचे नळ तोंडे तापवून एकमेकांवर दाबून जोडतात. दस्त्यावरील गादी किंवा गालाची पट्टी स्क्रूने बसवणे हाही साधा, खात्रीचा उपाय आहे.

एक मर्यादा मात्र पाळलीच पाहिजे. गोळी सुटताना बसणारा मागचा धक्का जो भाग सोसतो, त्याला तडा गेला तर तो चिकटवू नये, बदलावा. वरून जुळलेला दिसणारा सांधा ऐन वेळी सुटला तर इजा नेमबाजालाच होते. शिवाय आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकांच्या दुरुस्तीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही.

वर्गात करून पाहा

काच, पीव्हीसी नळाचा तुकडा, फुटक्या बादलीचा तुकडा आणि पॉलिथिनची पिशवी घ्या. सर्व साबणाने धुऊन वाळवा. प्रत्येकावर पाण्याचा एक थेंब टाकून तो किती पसरतो ते बाजूने पाहून विद्यार्थ्यांना चित्र काढू द्या. पाणी पुसून पांढऱ्या डिंकाचा थेंब टाका, दुसऱ्या दिवशी खपली नखाने काढा. पाण्याच्या थेंबाचा आकार आणि खपली सुटण्याची सहजता यांचा क्रम जुळतो का, हे विद्यार्थ्यांनीच ठरवावे. एवढे करून पाहिल्यावर, ‘सर्वांत मजबूत डिंक कोणता?’ या प्रश्नाऐवजी ‘कशाला चिकटवायचे आहे?’ हा प्रश्न ते आपण होऊन आधी विचारतील.