नवा संगणक, लॅन केबल आणि न येणारं नेट

मागच्या व्याख्यानात आपण सुटे भाग जोडून संगणक कसा उभा करायचा ते पाहिलं. त्यानंतर आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच जातीचे होते. संगणक सुरू झाला, पडद्यावर चित्र आलं, विंडोज बसलं, पंखे फिरताहेत, पण मागे लॅन केबल खोचली तरी नेट काही येत नाही. आणि प्रश्नाच्या शेवटी अनेकांनी एक वाक्य जोडलं होतं : ‘मदरबोर्ड बदलून आणू का?’

आजचा तास या एका वाक्यासाठी आहे. बोर्ड बदलणं म्हणजे काय ते आधी डोळ्यांसमोर आणू. कूलर काढायचा, पेस्ट पुसायची, प्रोसेसर उचलायचा, सगळ्या वायरी सोडवायच्या. इंटेलच्या आणि एएमडीच्या हल्लीच्या एएम-५ बोर्डांवर बारीक पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. त्यातली एक जरी वाकली तरी दुकानदाराची नजर आधी तिच्यावर जाते आणि वॉरंटीचं बोलणं तिथंच थांबतं. म्हणजे जो बोर्ड धडधाकट होता, तो परत करण्याच्या खटाटोपात खरोखरच बिघडू शकतो. लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत खेप घालण्याआधी अर्धा तास घालवून गाडी नेमकी कुठं अडली आहे ते ठरवलेलं बरं.

जुन्या संगणकाचं नेट बंद पडलं तर आपण विचारतो, कालपासून आजपर्यंत काय बदललं? नव्या संगणकाला ‘काल’ नसतो. त्याच्यात काहीच कधी चाललेलं नाही, म्हणून सगळेच भाग संशयित. पण घरातल्या बाकी वस्तूंना काल असतो, त्यांना साक्षीला बोलवायचं. फोन वायफायवर चालतोय का? चालत असेल तर नेटवाल्याची लाइन आणि राउटर दोन्ही जिवंत आहेत. मग राउटरकडचं टोक न हलवता, नव्या संगणकाकडचं टोक काढून लॅपटॉपला किंवा टीव्हीच्या लॅन पोर्टला लावा. तिथं नेट आलं की केबल सुटली, राउटरचं ते भोकही सुटलं, आणि संशय फक्त संगणकापुरता उरला. एकही स्क्रू न काढता इतकं कळतं. (टीव्ही बघणाऱ्यांची परवानगी आधी काढा, हे तांत्रिक नाही पण महत्त्वाचं आहे.)

आता संगणकाकडे येऊ. लॅन पोर्टच्या कोपऱ्यात दोन बारीक दिवे असतात. बहुतेक बोर्डांवर एक दिवा जोडणी जमल्याचं किंवा तिचा वेग दाखवतो, दुसरा माहितीची ये-जा सुरू झाली की लुकलुकतो. रंगांचे अर्थ बोर्डागणिक बदलतात, ते पुस्तिकेत बघायचे. पण दिवा लागणं म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. राउटरमधली एक चिप आणि बोर्डावरची एक चिप तांब्याच्या तारांतून एकमेकींशी बोलतात, ‘तुला किती वेग झेपतो, मला किती’ असं ठरवतात, आणि जमलं की दिवा लागतो. यात वेबसाइट नाही, पासवर्ड नाही, नेटवाला तर नाहीच. म्हणून दिवा लागला म्हणजे इंटरनेट आलं असं नव्हे. तारा आणि दोन्ही टोकांच्या चिपा ठीक आहेत एवढंच. पण हे ‘एवढंच’ फार मोलाचं आहे. दिवा लागलेला असेल आणि तरी विंडोज म्हणत असेल की नेटवर्कचं साधनच सापडत नाही, तर पोर्ट मेलेलं नाही. विंडोजला त्याच्याशी बोलता येत नाहीये.

दिवा नसेल तर? केबलची क्लिप ‘टक्’ वाजेपर्यंत बसली का बघा. आणि नव्या जोडणीत हमखास घडणारी एक गंमत : कॅबिनेटच्या मागच्या बाजूला जी पत्र्याची पट्टी बसवतो, तिच्या पातळ जिभा असतात. बोर्ड सरकवताना त्यातली एखादी जीभ वाकून थेट लॅनच्या भोकात शिरते. टॉर्च मारून बघितल्याशिवाय ती दिसत नाही. ते नसेल तर बायोसमध्ये जाऊन ऑनबोर्ड लॅन चालू आहे ना ते पाहायचं. शेवटी भिंतीतला प्लग काढून पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं आणि अर्धा मिनिट थांबायचं. याला कारण आहे. संगणक बंद केला तरी एसएमपीएसकडून लॅनच्या चिपला थोडी वीज मिळतच असते, कारण लॅनवरून संगणक जागा करण्याची सोय त्या चिपकडे असते. त्यामुळे ती अडकून बसली असेल तर नुसत्या रीस्टार्टने सुटेलच असं नाही.

वेगाचंही इथंच सांगून टाकू. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या. १०० मेगाबिटला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, १००० ला चारही. एक तार तुटकी असली की बऱ्याच चिपा माघार घेऊन १०० वर स्थिरावतात, काही जोडणी-तोडणीचा खेळ करत बसतात. नवा संगणक १०० च्या पुढे जात नसेल तर संशय आधी केबलवर आणि तिच्या क्रिम्पिंगवर. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या तारेची स्वस्त केबल मिळते. ती घेऊ नका, वाचलेले पैसे पुढे वेळेच्या रूपात द्यावे लागतात.

आता जिथं सर्वांत जास्त लोक अडकतात तिथं येऊ. डिव्हाइस मॅनेजर उघडला की ‘इथरनेट कंट्रोलर’ असं नाव आणि शेजारी पिवळं उद्गारचिन्ह दिसतं. पुष्कळांना ते चिन्ह म्हणजे बिघाड वाटतो. खरं तर ती आनंदाची बातमी आहे. चिप बोर्डावर आहे, तिला वीज मिळतेय, तिनं आपलं नाव सांगितलंय. विंडोजकडे तिची भाषा समजणारा दुभाषा नाही, इतकंच. हा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर.

आता तो नसतो का? तांब्याच्या केबलवरून २.५ गिगाबिट धावण्याचं मानक २०१६ साली आलं. विंडोज १० बाजारात आलं २०१५ साली. आज मधल्या किमतीच्या बोर्डांवरही रिअलटेकची ८१२५ किंवा इंटेलची आय-२२५, आय-२२६ अशी २.५ गिगाबिटची चिप सर्रास असते. आपण मात्र विंडोज बसवतो कुठून तरी मिळालेल्या जुन्या पेनड्राइव्हवरून. त्या पेनड्राइव्हवरची विंडोज चिपच्या आधी जन्मलेली असते. आणि ड्रायव्हर आणायचा तर हवं नेट! पूर्वी बोर्डाच्या खोक्यात सीडी असायची. हल्लीच्या कॅबिनेटला सीडीचा ड्राइव्ह बसवायची जागाच नसते. त्यात विंडोज ११ च्या होम आवृत्तीत पहिल्याच मांडणीत नेटशिवाय पुढं जाता येत नाही. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप, अशातला प्रकार.

यातून बाहेर पडायचा आमचा आवडता रस्ता म्हणजे फोन. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलनं नव्या संगणकाला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या पानावर जाऊन यूएसबी टेदरिंग चालू करा. हा फोन ओळखण्यापुरता दुभाषा विंडोजमध्ये आधीपासून असतो, त्यामुळे काही क्षणांत नेट सुरू होतं. बऱ्याच फोनवर तर फोन घरच्या वायफायवर राहूनही हे चालतं, डेटा खर्च होत नाही. (आयफोनसाठी आधी ॲपलचा वेगळा ड्रायव्हर लागतो, तेव्हा घरातला अँड्रॉइड शोधा.) मग विंडोज अपडेट चालवलं की लॅनचा ड्रायव्हर बहुधा आपोआप येतो. नाही आला तर दुसऱ्या संगणकावरून बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर जा, आपल्याच मॉडेलच्या पानावरचा लॅन ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या. मॉडेलचं नाव पूर्ण जुळवा. एकाच नावाच्या, एका अक्षराचा फरक असलेल्या दोन बोर्डांवर वेगळ्या चिपा असू शकतात. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणाऱ्या फुकट प्रोग्रामांच्या वाटेला जाऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. नव्या कोऱ्या संगणकात पहिला पाहुणा तो नको.

चिप कुठली तेच कळत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी बघा. त्यात निर्मात्याचा क्रमांक असतो. १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल. हो, इंटेलनं १९७८ साली आणलेल्या त्याच प्रसिद्ध प्रोसेसरचा आकडा.

ड्रायव्हर बसला, दिवा लागला, पण नेट अजून नाही? मग पत्ता बघू. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्या. १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरनं आपल्याला घरात घेतलं. १६९.२५४ नं सुरू होणारा दिसला तर संगणकानं ‘मला पत्ता द्या’ अशी हाक मारली, कोणी ओ दिली नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक तात्पुरता पत्ता लावून घेतला.

ओ का येत नाही, याचं एक कारण आपल्याकडच्या अनेक गल्ल्यांमध्ये अजून सापडतं. स्थानिक केबलवाल्याकडून नेट घेतलेलं असतं आणि वायर राउटरमध्ये न जाता सरळ संगणकात येते. प्रत्येक लॅन चिपला कारखान्यातून ४८ बिटांचा एक क्रमांक मिळालेला असतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. केबलवाल्यानं तुमच्या जुन्या संगणकाचा मॅक आपल्याकडे नोंदवून ठेवलेला असतो, शेजाऱ्यानं तुमच्या वायरीवर नेट वापरू नये म्हणून. नवा बोर्ड म्हणजे नवा मॅक. त्याच्या यंत्राच्या दृष्टीनं तुम्ही अनोळखी माणूस. इथं बोर्ड बदलून आणलात तर आणखी एक अनोळखी माणूस उभा कराल, बाकी काही नाही. उपाय एका फोनचा : ‘संगणक बदललाय, मॅक रीसेट करा.’ नवा मॅक आयपीकॉन्फिगच्या सविस्तर रूपात ‘फिजिकल ॲड्रेस’ म्हणून दिसतो. काही ठिकाणी मॅकऐवजी नाव आणि पासवर्ड घालून जोडणी करावी लागते. जुन्या संगणकात ती कोणीतरी कधीकाळी भरून ठेवलेली असते, आणि सगळे विसरलेले असतात.

पत्ता बरोबर असेल तर पिंग करून एकेक पायरी पुढं जा. आधी राउटरला, मग बाहेर ८.८.८.८ ला. दोन्हीकडून उत्तर येतं पण नावानं कुठलीच साइट उघडत नाही, तर नावांचे आकडे करून देणाऱ्या डीएनएसमध्ये अडचण. तिथं दुसरा डीएनएस घालून बघा.

आणि शेवटचा, फसवा प्रकार. पिंग चालतं, नावंही चालतात, पण ब्राउझर प्रत्येक साइटला ‘सुरक्षित नाही’ म्हणतो. पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघा. बोर्डावरचा नाण्यासारखा सेल उतरलेला किंवा नीट न बसलेला असेल तर घड्याळ काही वर्षं मागं असतं. प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. संगणकाच्या मते ती प्रमाणपत्रं अजून जन्मालाच आलेली नाहीत. तारीख दुरुस्त केली की सगळं रुळावर येतं.

आता काही प्रश्न घेऊ.

प्रश्न : एवढं सगळं करूनही दिवा लागला नाही, तर बोर्ड खराब म्हणायचं का?

त्याआधी एक साक्ष बाकी आहे. उबुंटूची ताजी आवृत्ती पेनड्राइव्हवर घ्या आणि डिस्कवर न बसवता तिथूनच चालवा. या चिपांचे ड्रायव्हर तिच्यात असतात. उबुंटूत नेट आलं तर बोर्ड निर्दोष, दोष विंडोजच्या मांडणीत. चाललेली केबल लावूनही तिथं दिवा नाही, चिपचं नावही दिसत नाही, तर मात्र बोर्ड परत करायला हरकत नाही. दुकानदाराला हेच सांगा, उबुंटूच्या पडद्याचा फोटो दाखवा. ‘नेट येत नाही’ एवढ्यावर तो तुम्हाला ड्रायव्हर टाका म्हणून परत पाठवेल. पोर्ट खरंच मरतातही. वळवाच्या दिवसांत इमारतीवरून इमारतीवर टांगलेल्या तांब्याच्या केबलमधून विजेचा झटका आत येतो आणि पोर्ट जातं. फायबर असेल तर तो मार्ग बंद होतो, कारण काचेतून वीज वाहत नाही.

प्रश्न : माझं नेट येतं, पण मध्येच तुटतं. चिप इंटेलची २.५ गिगाबिटची आहे.

आय-२२५ च्या सुरुवातीच्या आवृत्तीत २.५ गिगाबिटवर काही राउटर-स्विचबरोबर पाकिटं हरवण्याचा दोष होता, आणि तो इंटेलनं मान्य केला होता. ड्रायव्हरच्या गुणधर्मांत जाऊन वेग १ गिगाबिटवर बांधून टाका आणि दोन दिवस वापरून बघा. तुटणं थांबलं तर कारण सापडलं. तुमचा नेटचा प्लॅन १ गिगाबिटच्या आतला असेल, तर इंटरनेटच्या वापरात तुमचं काही कमीही होणार नाही.