प्रथिनांच्या कुटुंबाची खूण

ज्या बाळाचा मुका घेतला की ओठांना खारट लागते, ते बाळ फार दिवसांचे सोबती नसते, अशी समजूत युरोपात पूर्वीपासून होती. या आनुवंशिक रोगाला सिस्टिक फायब्रोसिस म्हणतात. घाम खारट होतो, फुफ्फुसात चिकट कफ साठतो. या रोगाचे जनुक १९८९ साली टोरोंटो व मिशिगन येथील शास्त्रज्ञांनी शोधून काढले. त्यापासून तयार होणारे प्रथिन म्हणजे १४८० अमिनो आम्लांची माळ. पण ही माळ काम काय करते?

येथे एक आधीची खूण उपयोगी पडली. केंब्रिजच्या जॉन वॉकर व सहकाऱ्यांनी १९८२ साली निरनिराळी प्रथिने शेजारी ठेवून ताडून पाहिली. बाकी माळ वेगळी, पण एक तुकडा सारखा : ग्लायसीन, मग कोणतेही चार मणी, पुन्हा ग्लायसीन, मग लायसीन आणि शेवटी सेरीन किंवा थ्रिओनीन. ऊर्जा पुरविणारा एटीपीचा रेणू याच जागी धरला जातो. माळेत इतरत्र मणी बदलला तर पुष्कळदा निभावते. येथे बदलला की कामच थांबते. म्हणून हा तुकडा कोट्यवधी वर्षे टिकून राहिला.

मात्र एवढी लहान खूण योगायोगानेही जुळू शकते. म्हणून तिच्यासोबत दुसऱ्या खुणाही ठराविक क्रमाने असाव्या लागतात. नव्या प्रथिनात त्या दोनदा सापडल्या आणि ते एबीसी कुटुंबातले ठरले. जीवाणूंमध्ये अन्न आत ओढणारी आणि कर्करोगाच्या पेशीतून औषध बाहेर फेकणारी प्रथिने याच कुटुंबातली. गंमत अशी, की हे प्रथिन पंप निघाले नाही. ते क्लोराईडला वाट देणारे दार निघाले. कुटुंब कळले म्हणजे धंदा कळतोच असे नाही!

या कुटुंबाची खास खूण पाच मण्यांची : ल्युसीन, सेरीन, ग्लायसीन, ग्लायसीन, ग्लुटामीन. काही रुग्णांत त्यातलाच चौथा मणी, म्हणजे माळेतला ५५१ वा, बदललेला असतो. दार जागेवर असते, पण नीट उघडत नाही. ते उघडे ठेवणाऱ्या आयव्हाकॅफ्टर या औषधाला अमेरिकेत २०१२ साली, सहा वर्षे व त्यावरील अशा रुग्णांसाठी मान्यता मिळाली. तेव्हा त्याची किंमत होती वर्षाला जवळजवळ तीन लाख डॉलर.