दशांशचिन्हाचे स्थान आणि फवारणीचा हिशेब

१९५६ च्या वजने व मापे कायद्यानंतर देशात दशमान पद्धती रूढ झाली. चाळीस शेरांचा मण मोडताना जो हिशेब किचकट होई, तो ग्रॅम-किलोग्रॅममुळे सुलभ झाला. मात्र या पद्धतीत दशांशचिन्ह एका घराने चुकले, तर औषध दहापट तरी पडते किंवा एकदशांश तरी. पहिल्या प्रकारात पाने करपतात. दुसऱ्यात औषध व मजुरी दोन्ही वाया जातात.

पूर्ण संख्येस दहाने गुणताना आपण तिच्यापुढे शून्य मांडतो. दशांश अपूर्णांकास ही रीत लागू पडत नाही. ०.२५ पुढे शून्य दिल्यास ०.२५० होतात, किंमत बदलत नाही. दहाने गुणिले असता प्रत्येक अंक एक घर वर चढतो. दशांशाच्या घरातील अंक एककाच्या घरात येतो. म्हणून दशांशचिन्ह उजवीकडे सरकवावे : १० ने गुणताना एक घर, १०० ने दोन घरे, १,००० ने तीन घरे. अंक अपुरे पडल्यास रिकाम्या घरी शून्य भरावे.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. जस्ताच्या कमतरतेवर झिंक सल्फेटचे ०.५ टक्के द्रावण, त्यात ०.२५ टक्के विरवलेला चुना मिसळून, फवारतात. १०० लिटर पाण्यास ०.५ किलोग्रॅम झिंक सल्फेट व ०.२५ किलोग्रॅम चुना लागेल. यांचे ग्रॅम करण्यासाठी १,००० ने गुणावे :

०.५ × १,००० = ५०० ग्रॅम
०.२५ × १,००० = २५० ग्रॅम

द्राक्षबागेत वापरावयाच्या जिबरेलिक आम्लाचे प्रमाण याहूनही सूक्ष्म असते. दर दशलक्ष भागांस १० भाग, म्हणजे लिटरला ०.०१ ग्रॅम. १०० लिटरांसाठी ०.०१ × १०० = १ ग्रॅम पुरे. येथे चिन्ह एक घर अधिक सरकल्यास १० ग्रॅम पडतील, आणि फवारलेले द्रावण परत घेता येत नाही.

पावसाचा हिशेबही असाच होतो. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर पाणी. ६.५ मिलिमीटर पाऊस पडल्यास चिन्ह चार घरे सरकवून ६५,००० लिटर येतात.

औषध मोजण्यापूर्वी हिशेब कागदावर मांडावा. ०.५ टक्क्यास लिटरमागे ५ ग्रॅम, या मापाने उत्तर पडताळावे, आणि मगच तराजू हाती घ्यावा.