बोटुकलीचा सौदा, उद्याचा तोटा
भिगवणच्या मासळी बाजारापुढील प्रश्न

पुणे-सोलापूर महामार्गावरील भिगवण हे गाव गोड्या पाण्यातील मासळीसाठी दूरवर ओळखले जाते. भीमा नदीवर उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले आणि इंदापूर, दौंड, करमाळा व कर्जत तालुक्यांतील जमिनी पाण्याखाली गेल्या. ज्यांची शेते बुडाली त्यांना दुःख झाले, पण त्याच पाण्याने नवी रोजी दिली. आज रोहू, कटला, मृगल, मरळ आणि सर्वांच्या परिचयाची चिलापी यांवर हजारो कुटुंबांची चूल पेटते. मासेमार, आडतदार, बर्फवाले, टेम्पोवाले, जाळी विकणारे, किरकोळ विक्रेते आणि महामार्गावरील खानावळी अशी ही लांब साखळी आहे. आपल्यापैकी ज्यांचा या साखळीत हात आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

उजनीचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी असून त्यापैकी जवळजवळ 63 टीएमसी मृतसाठा आहे. कालव्यांचे पाणी संपते तेव्हा मासळी या मृतसाठ्याच्या आधाराने जगते. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेले. पाणी आटले की मासे थोड्या जागेत गोळा होतात, जाळे भरून येते आणि बाजारात आवक वाढते. व्यापाऱ्याला ती तेजी वाटते. प्रत्यक्षात ती गंगाजळी मोडून केलेली दिवाळखोरी असते, कारण पावसाळ्यात अंडी घालणारे मासेच त्या दिवसांत बाजारात येतात.

दुसरे संकट बारीक आसाच्या जाळ्यांचे. वडाप जाळ्याने बोटाएवढी पिलेही ओढली जातात, अशी स्थानिक मासेमारांची जुनी तक्रार आहे. येथे एक फरक ध्यानात घ्यावा. चिलापी साठलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा प्रजनन करते आणि मादी अंडी तोंडात सांभाळते. त्यामुळे ती लवकर भरून येते. रोहू, कटला व मृगल यांचे तसे नाही. त्यांना प्रजननासाठी पावसाळ्यातील वाहते पाणी लागते आणि वयात येण्यास साधारण दोन वर्षे लागतात. धरणात त्यांची बोटुकली बाहेरून आणून सोडावी लागते. खर्च करून सोडलेली तीच बोटुकली काही महिन्यांत जाळ्यात आली, तर तो खर्च पाण्यात गेला म्हणायचा.

हिशेब साधा आहे. समजा, 100 ग्रॅमचे दहा रोहू आज धरले. वजन भरले एक किलो. तेच पाण्यात वर्षभर राहिले, त्यांतील निम्मे दगावले आणि उरलेले पाच प्रत्येकी पाऊण किलोचे झाले, तर वजन होते पावणेचार किलो. शिवाय मोठ्या माशाला किलोमागे भावही अधिक मिळतो. म्हणजे आजच्या एका रुपयासाठी आपण उद्याचे चार सोडतो. कोणता शहाणा व्यापारी असा सौदा करील?

याचा शेवट कोठे होतो ते कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाकडे पाहून कळते. शेकडो वर्षे तेथील समुद्रात कॉड मासा अमाप होता. मोठ्या जहाजांनी तो बेसुमार उपसला. अखेर जुलै 1992 मध्ये सरकारला मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे 30 हजार लोकांचा रोजगार गेला. बंदी उठण्यास 2024 साल उजाडले. समुद्र जर असा रिता होतो, तर उजनीचे काय?

आपल्या दीनने व्यापाराचे नियम बारकाईने सांगितले आहेत. फळ पिकण्याची चिन्हे दिसण्यापूर्वी झाडावरील फळांचा सौदा करण्यास हजरत पैगंबर (स.) यांनी मनाई केली. त्या हुकुमाचा मूळ हेतू खरेदीदाराची फसगत टाळणे हा आहे आणि मासळीला तो जसाच्या तसा लागू होतो असे आमचे म्हणणे नाही. पण कच्च्या मालावर झडप घालू नये, हा त्यातील विवेक व्यापाऱ्याला घेता येतो. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये ही शिकवण तर आपण लहानपणापासून ऐकतो. धरणातील मासळी ही कोणा एकाची मिळकत नाही, ती अमानत आहे. इसराफ करून मिळविलेल्या पैशात बरकत कशी राहील?

मासेमारावर सारा दोष टाकणे सोपे आहे. परंतु बारीक मासळी विकली जाते म्हणूनच ती धरली जाते. जाळ्याचा आस अखेर बाजारात ठरतो. आडतदाराने रोहू-कटल्याची पिले लिलावात घेण्याचे नाकारले, तर वडाप आपोआप मागे पडेल. एकट्याने नाकारल्यास माल शेजारच्या गाळ्यावर जाईल, हे खरे. म्हणून सर्वांनी मिळून किमान वजन ठरवावे. जाळ्यासाठी उचल देताना ती मोठ्या आसाच्या जाळ्यासाठी द्यावी. शक्य असेल त्याने कर्जे हसना म्हणून, बिनव्याजी द्यावी. स्फोटके वा विष वापरून मासे मारणे 1897 च्या कायद्यापासून गुन्हा ठरले आहे. असा माल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

उरला प्रश्न टाकाऊ मालाचा. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत येते व जलपर्णीला खत मिळते, अशी तक्रार आपण करतो, आणि ती योग्यच आहे. मग आपण तरी खवले आणि आतडी काठावर का टाकावी? ती पाण्यात कुजली की पाण्यातील प्राणवायू घटतो. भिगवणभोवती ऊस आहे. खड्ड्यात पाचट व मातीच्या थरांत हीच घाण कुजविली तर शेतकऱ्याला उपयोगी खत होते. फाटकी नायलॉनची जाळी पाण्यात सोडू नयेत. मालक नसला तरी ते जाळे मासे आणि पाखरे अडकवून मारीतच राहते. हिवाळ्यात कुंभारगावकडे येणारे रोहित पक्षी पाहण्यास लोक येतात आणि नाववाल्यांना चार पैसे मिळतात, हेही विसरू नये.

ज्यांच्या बापजाद्यांची जमीन या पाण्याखाली गेली, त्यांना हे पाणीच आता शेत आहे. शेतकरी कितीही अडचणीत आला तरी बियाणे विकून खात नाही. भिगवणच्या बाजारानेही आपले बियाणे जपावे. पहिला नकार कोणत्या गाळ्यावरून येतो, एवढेच पाहायचे आहे. तो आपल्यापैकी एखाद्याच्या गाळ्यावरून यावा.