घर गार, तर घर देखणं



गावात कुणाचं घरकुल पूर्ण झालं की आपण सगळ्या पाहायला जातो. भिंतीला पोपटी रंग, पुढच्या खांबाला चकचकीत टाइल्स, वर स्लॅब नाहीतर टिन. "किती सुंदर झालं!" असं म्हणून आपण परततो. मग मे महिना येतो. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पारा 45 च्या वर चढतो, आणि त्याच सुंदर घरातली बाई भर दुपारी बाज उचलून कडुनिंबाखाली येते. आत तिला बसवत नाही.

म्हणून आज आम्ही एक प्रश्न घेऊन आलो आहोत. घराचं देखणेपण वेगळं आणि घराचा गारवा, टिकाऊपणा वेगळा, असं असतं का? आम्हाला तसं वाटत नाही. ऊन, वारा, पाऊस पाहून बांधलेलं घर बहुतेक वेळा देखणंही होतं. आणि जे घर डोळ्यांना आवडतं त्याची माणूस काळजी घेतो, म्हणून ते जास्त वर्षं उभं राहतं.

याचं उदाहरण आपल्याला फार लांब शोधावं लागत नाही. चिमूरहून वरोरा, हिंगणघाट ओलांडून वर्ध्याला गेलं की सेवाग्राम येतं. 1936 साली गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. सेवाग्राम हे नाव 1940 मधलं. तिथली बापू कुटी उभी राहिली मीराबेन यांच्या देखरेखीखाली. त्या मूळच्या इंग्लंडच्या, नौदलातल्या एका मोठ्या अधिकाऱ्याची मुलगी. 1925 साली त्या भारतात आल्या. घर बांधताना बाहेरून काही आणायचं नाही, आसपास मिळेल ते वापरायचं आणि गावच्याच माणसांच्या हातून करून घ्यायचं, असं ठरलेलं होतं. म्हणून भिंती मातीच्या, आधाराला लाकूड आणि बांबू, वर कवेलू, चारी बाजूंनी सावली देणारं उतरतं छप्पर.

आता यातलं काय उपयोगाचं आणि काय शोभेचं, हे वेगळं काढून पाहा. जाड मातीची भिंत उशिरा तापते, म्हणून दुपारी आत गारवा राहतो. छप्पर भिंतीच्या बरंच पुढे आलेलं असल्यामुळे भिंतीवर ऊन पडत नाही आणि पावसाचा मारा लागत नाही. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. हे सगळं उपयोगाचं. पण त्या कुटीसमोर उभं राहिलं की डोळ्यांना बरं वाटतं तेही याच गोष्टींमुळे: खाली उतरलेलं छप्पर, व्हरांड्यातली सावली, मातीचा रंग. मीराबेन यांनी भिंतीवर ताडाची झाडं आणि चरखा उठावात काढले, तेही भिंतीच्याच मातीत. शोभेसाठी निराळं सामान आणावं लागलं नाही. ती कुटी जवळजवळ नव्वद वर्षं उभी आहे, कारण तिची डागडुजी सतत होत राहिली.

तुम्ही म्हणाल, आम्ही आता पुन्हा मातीच्या घरात जायचं का? नाही, आम्ही तसं सांगत नाही. मातीच्या घराचे कष्ट आपल्यालाच माहीत. दर काही दिवसांनी सारवण, दिवाळीआधी पोतारणं, हे सगळं बाईच्याच अंगावर पडतं. वानरं कवेलू फोडतात, पावसाळ्याआधी ते फेरावे लागतात आणि फेरणारा माणूस मिळत नाही. उधई लाकूड पोखरते. लोकांनी टिन घातलं ते काही हौसेनं नाही. म्हणून जुनं घर जसंच्या तसं उचलायचं नाही. त्यातली अक्कल उचलायची.

आणि स्थानिक सामान वापरलं म्हणजे आपोआप सगळं चांगलं होतं, असंही नाही. चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. 2021 साली तिथल्या बांबूच्या नव्या इमारतीला आग लागून मोठं नुकसान झालं. बांबू सुंदर आहे, मजबूत आहे, पण त्याला आगीपासून आणि किडीपासून जपावं लागतं. तीन वर्षांच्या पुढचा, पक्का बांबू पावसाळा सोडून तोडायचा. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून घ्यायचा. तो जमिनीला टेकू द्यायचा नाही आणि चुलीजवळ वापरायचा नाही.

आता घरकुलाकडे येऊ. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत मूळ रक्कम साध्या भागात 1 लाख 20 हजार, तर डोंगराळ, दुर्गम आणि काही निवडक जिल्ह्यांत 1 लाख 30 हजार अशी ठरली. घर स्वयंपाकाच्या जागेसह किमान 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 270 चौरस फूट हवं. यातला एक नियम आपल्या फार कामाचा आहे: घर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं, ठेकेदाराकडे सोपवायचं नाही. म्हणजे दार कुठे, खिडकी कुठे, छप्पर किती पुढे, हे ठरवण्याचा हक्क आपला आहे. पण चौथरा भरून झाल्यावर बोलून उपयोग नाही. आधी बोलायचं.

काय काय बोलायचं? पहिलं, दोन खिडक्या समोरासमोर, म्हणजे वारा आरपार जाईल. दुसरं, पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी नको. तिकडे छपरी काढायची नाहीतर झाड लावायचं. तिसरं, छप्पर भिंतीच्या दोन फूट तरी पुढे. पुढच्या खांबाच्या टाइल्सचा पैसा इथे घालावा. चौथं, टिनच असेल तर झोपायच्या खोलीत त्याच्या खाली हवेला जागा सोडून बांबूची ताटी बसवायची. बुरडाच्या हातची विणलेली ताटी कुठल्याही रंगापेक्षा शोभून दिसते आणि पैसा गावातच राहतो. पाचवं, स्लॅब असेल तर उन्हाळ्याआधी वरून चुन्याचा पांढरा हात मारायचा. पांढरं छत ऊन परत फेकतं. अहमदाबादच्या महिला हाउसिंग ट्रस्टनं वस्त्यांमधल्या बायांसोबत छतं पांढरी करण्याचं हे काम केलं आहे.

बांबूबद्दल आणखी एक. 2017 साली कायदा बदलला. जंगलाबाहेर, आपल्या शेतात किंवा बांधावर लावलेल्या बांबूला आता कायद्यानं झाड मानत नाहीत, त्यामुळे तो तोडायला वनखात्याचा परवाना लागत नाही. आज चार बेटं लावली, तर मुलाच्या घराच्या वेळी ती कामी येतील.

सिमेंट वाईट आहे असं कुणी समजू नये. आपल्याच जिल्ह्यात कोरपना-राजुऱ्याकडे त्याचे कारखाने आहेत, कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. पण जगभरात हवेत जाणाऱ्या कार्बन वायूपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमुळे जातो, आणि उन्हाळे वाढत चालले आहेत ते आपण पाहतोच. म्हणून पाया, खांब, छत अशा जिथे ते लागतंच तिथे वापरावं. नुसत्या दिखाव्यासाठी नको.

पुढच्या बैठकीत एक काम करा. गटातल्या कुणाचं घरकुल मंजूर झालं असेल, तर तिच्या जागेवर सगळ्यांनी दुपारी तीन वाजता जा. ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, पाणी कुठे साचतं ते पाहा. मग चुन्यानं जमिनीवरच घराचा नकाशा काढा, दारं-खिडक्यांसकट. मिस्त्री आला की त्याला तो दाखवा, आणि आवास योजनेच्या कामासाठी येणाऱ्या इंजिनिअरलाही दाखवा. रंग कोणता द्यायचा, ते नंतर ठरवू.