लगाम ओढणाऱ्या घोड्याची निगा व वळण

नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. तेथील घोड्यांचा बाजार प्रसिद्ध आहे. अशा बाजारातून आणलेले तरणे, जोमदार जनावर रपेटीस काढताच लगाम ओढू लागले, म्हणजे मालक काटेरी कडियाळे व चाबूक यांचा आश्रय घेतात. हा उपाय घातक होय. कारण घोडा वेदनेपासून पळतो. वेदना वाढली की वेगही वाढतो.

तोंडाची तपासणी : घोड्याचे पुढील दात व दाढा यांमध्ये हिरडीची मोकळी जागा असते. कडियाळे तेथे बसते. त्या जागी जखम आहे काय, हे प्रथम पाहावे. वरच्या दाढांच्या गालाकडील व खालच्या दाढांच्या जिभेकडील कडा झिजून धारदार होतात. घोडा वैरण चघळून टाकीत असेल किंवा मान वाकडी करीत असेल, तर पशुवैद्याकडून दाढा घासून घ्याव्यात. खोगिराखाली पाठ सोलली नाही ना, हेही पाहावे.

खुराक : काम थोडे व चंदी भरपूर, हे उधळेपणाचे नेहमीचे कारण आहे. सुमारे ३०० किलो वजनाच्या घोड्यास दररोज ५ ते ६ किलो सुकी वैरण थोडी थोडी करून घालावी. विश्रांतीच्या दिवशी चंदी निम्म्याहून कमी करावी. पूर्ण चंदी खाऊन उभा राहिलेला घोडा दुसऱ्या दिवशी एकदम पळविल्यास त्याचे मागील स्नायू ताठरतात व लघवी काळपट-तांबूस होते. अशा वेळी त्यास घरापर्यंत चालवू नये. जागीच उभे करून पशुवैद्यास बोलवावे.

वळण : लगाम सतत ताणून धरू नये. घोडा त्या ताणावर मानेचा भार टाकतो आणि त्या बळापुढे माणसाचे हात टिकत नाहीत. लगाम क्षणभर आवळावा व घोड्याने मान सैल सोडताच ढिला करावा. ढिलाई हेच त्याचे बक्षीस होय. प्रथम कुंपणाच्या आत १० ते १५ मिनिटे संथ चालीने मोठी वर्तुळे काढावीत. नंतर शांत घोड्याच्या सोबतीने बाहेर पडावे. परतताना घराकडे कधीही दौडवू नये.

घोडा उधळल्यास : लगाम हातास गुंडाळू नये. मोकळ्या रानात एका बाजूचा लगाम हळूहळू घेऊन वर्तुळ लहान करीत जावे. डांबरी सडकेवर, कालव्याच्या काठावर किंवा ओल्या काळ्या जमिनीत एकदम वळवू नये. घोडा घसरून स्वारासह पडतो.

ग्रामसेवकांनी ही माहिती घोडेमालकांस समजावून सांगावी व असा घोडा मुलांच्या किंवा नवशिक्यांच्या हाती देऊ नये, असे निक्षून बजावावे. अधिक सल्ल्यासाठी नजीकचा पशुवैद्यकीय दवाखाना अथवा परभणी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय यांच्याकडे जावे.