प्रात्यक्षिक कोणाच्या शेतात घ्यावे?

कावेरीच्या भातपट्ट्यातील कुंभकोणम येथे ७ ऑगस्ट १९२५ रोजी डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांचा जन्म झाला. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाने ते कृषिशिक्षणाकडे वळले. पुढे पोलीस सेवेत निवड होऊनही त्यांनी नेदरलँड्समधील संशोधनवृत्ती स्वीकारली. १९८२ ते १९८८ या काळात ते फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे महासंचालक होते. १९८७ च्या पहिल्या जागतिक अन्न पुरस्काराची रक्कम त्यांनी चेन्नईतील संशोधन प्रतिष्ठानाच्या उभारणीसाठी दिली.

या कारकिर्दीतील विस्तारकार्याचा धडा मात्र साठच्या दशकातील राष्ट्रीय प्रात्यक्षिकांत आहे. गव्हाच्या बुटक्या वाणांची प्रात्यक्षिके अल्पभूधारकांच्या शेतात घ्यावीत, असा त्यांचा आग्रह होता. सधन शेतकऱ्याच्या भरघोस उत्पादनाचे श्रेय लोक त्याच्या ऐपतीला देतात. लहान शेतकऱ्याच्या बाबतीत ते तंत्रज्ञानाला मिळते.

कीड व्यवस्थापनालाही हीच कसोटी लागू पडते. अनावश्यक फवारणीने कोळ्यांसारखे मित्रकीटक मरतात आणि भातावरील तपकिरी तुडतुडे पुन्हा वाढतात. म्हणून चुडाच्या बुंध्याशी तुडतुडे मोजूनच फवारणी ठरवावी. हे पत्रक वाचून पटत नाही. आपल्यासारख्याच शेजाऱ्याच्या शेतात स्वतः मोजले की पटते. येत्या हंगामात प्रात्यक्षिकासाठी शेत निवडताना रस्त्यालगतची सोय न पाहता अल्पभूधारकास प्राधान्य द्यावे.